लाल पट्टीचा धोटा

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाप्याला असलं कुणी विचारत नाही. निदान परळच्या हॉस्पिटलात, बाहेरच्या बाकांवर साठ माणसं दाराकडे डोळे लावून बसलेली असताना तर नाहीच नाही. पण ती तरणी डॉक्टरीण कागदावरची मान वर न करता म्हणाली, "तुमच्या आईनं तुम्हाला अंगावर किती दिवस पाजलं, काही सांगता येईल?" आणि हरेश्वरला वाटलं, उठावं आणि हिच्या कानाखाली एक वाजवावी. त्याला हल्ली असंच वाटत असे. भायखळ्याच्या मार्केटात फ्लॉवरच्या गोणी उतरवताना व्यापाऱ्यानं 'जरा बेगीन' म्हटलं तरी गोणी त्याच्याच डोक्यात घालावी असं वाटायचं. चाळीतल्या नळावर कुणी आपली बादली पुढे सरकवली तर ती लाथेनं उडवावीशी वाटायची. अंगात कुणीतरी शिरून आतून लाथा मारत होतं. दोन वर्षं मांड्यांवर, पाठीवर, कानामागं लाल जाड चट्टे उठले होते, खाजवून खाजवून रात्रीच्या चादरी सकाळी रक्तानं ताठ व्हायच्या. शेजारपाजारचे नायटा म्हणाले, मग खाजखरूज म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले आणि आपली पोरं त्याच्या दारावरून धावत न्यायला लागले. त्यानंतर मानेत गाठी आल्या, आवळ्याएवढ्या. त्यानंतर तहान. असली तहान की पिंप रिकामं केलं तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. आणि आता ही विचारत होती, आईनं किती दिवस पाजलं.

"म्हातारी जिवंत आहे माझी. तिलाच विचारा," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिनं त्याला उठवलं, कोपऱ्यातल्या दुर्बिणीपाशी नेलं आणि डोळा लावायला सांगितलं. गुलाबी पाण्यात जांभळे ठिपके तरंगत होते. त्यांतले काही गोल, काही फुटलेले, पाकळ्या पाकळ्यांचे. "ह्या तुमच्या रक्तातल्या पेशी. ह्या अशा फुलासारख्या दिसतात, त्यावरूनच आम्ही ओळखतो," ती म्हणाली. हरेश्वरनं नीट पाहिलं. फूल कसलं, फ्लॉवरच्या गड्ड्याचा मोडलेला तुरा. असे हजारो तुरे त्यानं आयुष्यात पायाखाली तुडवले होते. ती सावकाश सांगत गेली. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यातच एक विषाणू शिरलाय. एड्सचा नव्हे, त्याच्या लांबच्या घराण्यातला. तो शिरतो आणि गप्प बसतो. वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. शंभरातल्या पंच्याण्णवांच्या अंगात तो मरेपर्यंत गप्पच राहतो, त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. उरलेल्या चार-पाचांच्यात मात्र उठतो आणि राखणदारच घर फोडायला लागतात. तहान लागते ती हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतंय म्हणून. डोकं गरगरतं, वार आठवत नाही, पोट साफ होत नाही, ते सगळं त्यापायीच. औषधं आहेत, ती देऊ. किती दिवस मिळतील ते तिनं आधी सांगितलं नाही. त्यानं विचारल्यावर म्हणाली, आठ महिने, फार तर वर्ष.

"आला कुठनं?" हरेश्वरनं विचारलं.

"तीनच वाटा. आईच्या दुधातनं, रक्तातनं, नाहीतर नवराबायकोच्या संबंधातनं."

"आणि थुंकीतनं?"

तिनं भुवया वर केल्या. तेव्हा हरेश्वर खुर्चीत पुढं सरकला आणि तिला धोट्याबद्दल सांगायला लागला, कारण तहान लागायला लागल्यापासून, खरं तर पहिला चट्टा उठल्यापासून, त्याला हे कुठनं आलं ते पक्कं ठाऊक होतं. गिरणीत होतो मी, तिथल्या साच्यावरचा, म्हणजे मागावरचा धोटा, बाई. लाकडाचा, हातभर नाही पण वीतभर तरी लांब, दोन्ही टोकांना लोखंडाची अणकुची. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते. कांडी संपली की नवी घालायची, सुताचं टोक भोकापाशी धरायचं, आणि भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत बाहेर येतं. तोंडात तूस येतो, तेल येतं. पाळीला शंभर वेळा, दोनशे वेळा. आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावतो, अठ्ठ्याहत्तर साली माझ्याही धोट्याला असाच एक लागला. डॉक्टरीण लिहायची थांबली होती. असं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं मान हलवली. "नाही. उष्ट्यानं नाही होत हा. आणि तुम्ही म्हणता ते अठ्ठ्याहत्तर सालचं. हा आजार ज्यांना होतो त्यांच्या अंगात विषाणू बहुतेक अगदी तान्हेपणी शिरलेला असतो. तुमच्या आईचं रक्त तपासायला हवं. आणि आईनं आणखी कुणाला पाजलं असेल, तर त्यांचंही. विशेषतः त्यांच्या घरात कुणी बाळंतीण असेल तर लवकर. वेळीच वरचं दूध दिलं की बाळ बहुतेक वाचतं."

त्याला मूल नव्हतं. बायको गुणवंती शहाऐंशी साली छातीच्या दुखण्यानं गेली, तीही मोकळ्या कुशीनं. भावंडंही नव्हती. मग आणखी कुणाला कोण पाजणार? तो हॉस्पिटलाबाहेर पडला आणि रसवंतीवर तीन ग्लास उसाचा रस उभ्याउभ्या प्यायला, आणि तरी तहान होतीच. ती बाई शिकली असेल हो, पण साच्यावर उभी राहिली नव्हती. तिला काय ठाऊक तोंडात काय काय जातं? परळहून लालबागकडे तो चालायला लागला. डाव्या हाताला गिरणीची भिंत, आत आता गवत माजलं होतं आणि चिमणीवर पिंपळ उगवला होता. भिंतीच्या कडेकडेनं चालताना त्याच्या तोंडात ती चव आली. तेलाची, लाकडाची आणि चुन्याची. चुन्याची चव कुणाची ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. रामदास जाधव तंबाखूला चुना जास्त लावायचा.

अठ्ठ्याहत्तर साली रामदासला साचा खात्यात घेतलं तेव्हा लायनीत बौद्ध माणूस तोच पहिला. त्याआधी त्यांना झाडू खात्यात, रिळ खात्यात, जिथं काही तोंडाला लावावं लागत नाही तिथं ठेवायचे. युनियनच्या सभेत लाल बावट्याखाली सगळे कामगार एक. पण धोट्याचं भोक एवढंसं, त्यात सगळ्यांचे ओठ मावत नव्हते. नेमका रामदास दुसऱ्या पाळीला हरेश्वरच्याच साच्यांवर आला. गुणाजी शेजारच्या साच्यावरचा, तो म्हणाला, "हरबा, आता उष्टं खायचे दिवस आले रे तुझे." जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, गाऱ्हाणं गेलं. जॉबर राजाराम धोरणी माणूस, त्यानं भांडण न करता रामदासच्या धोट्यांवर लाल रंगाची पट्टी मारून दिली. तुझे तुला, त्याचे त्याला. पाळी बदलताना रामदास आपले लाल पट्टीचे धोटे काढून फळीवर ओळीनं लावून ठेवायचा आणि हरेश्वरच्या अंगावरून न बघता निघून जायचा. आणि हरेश्वर, ज्यानं गुणाजीचा पान खाल्लेला धोटा हजार वेळा तोंडाला लावला होता, ज्याला भिवाच्या किडक्या दातांचा वास धोट्यावर चालत होता, तो आपले धोटे शर्टाच्या सोग्यानं पुसायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही त्याची तऱ्हा त्याला तेव्हा दिसली नाही. सगळ्यांचीच ती तऱ्हा होती. वर्षभरानं एकदा कांडी भरताना त्यानं धोटा उजेडाकडे धरला तर तेलाच्या काळ्या थराखाली तांबडं काहीतरी दिसलं. नखानं खरवडलं. लाल पट्टी. मग त्यानं फळीवरचे सगळे धोटे खरवडले. तेल आणि तूस बसून बसून सगळे सारखेच काळे झाले होते, सरमिसळ होऊन किती महिने झाले होते कोण जाणे. त्या दिवशी हरेश्वर संडासात जाऊन घशात बोटं घालून ओकला. चुन्याची चव त्याला त्याआधी सहा महिने येत होती, आणि त्याला ती गुणाजीची वाटली होती.

हे त्यानं मनात ठेवलं. मनात ठेवलेलं नासतं. ब्याऐंशीचा संप सुरू झाला, महिने गेले, भांडी गेली, गुणवंतीची बोरमाळ गेली, संपाला सव्वा वर्ष झालं आणि काहीजण पोलिसांच्या आडोशानं मागच्या फाटकातून कामावर जायला लागले. चौघं त्यांची वाट अडवायला गल्लीत उभे होते, हरेश्वर, गुणाजी आणि आणखी दोघं. सकाळचे पावणेसात, लख्ख उजाडलेलं. पंचवीस माणसं गेली असतील त्या गल्लीतून त्या आठवड्यात. त्यांतल्या बाबुरावला त्यांनी नुसत्या शिव्या घालून परत पाठवलं. पण रामदास डबा घेऊन वळणावर दिसला आणि हरेश्वरच्या हाताला कमरेला खोचलेला धोटा लागला. तो घरातनं निघतानाच त्यानं खोचला होता, लाल पट्टीचा, खरवडलेला. संपासाठी मारायचं तर दांडका होता, सळई होती. धोटा संपासाठी नव्हता. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं, आणि आज भिंतीच्या कडेनं चालताना त्यानं ते पहिल्यांदा पूर्ण वाक्यात स्वतःला सांगितलं.

रामदास त्याच्यापेक्षा अंगानं दणकट. त्यानं मनात आणलं असतं तर हरेश्वरला उचलून गटारात फेकला असता. पण त्यानं डबा खाली ठेवला आणि हात दोन्ही बाजूंना सोडून उभा राहिला. हरेश्वरनं पहिला तडाखा जबड्यावर दिला. तो गुडघ्यावर आला तेव्हा गुणाजीनं मागून केस धरले, आणि हरेश्वरनं धोट्याचं लोखंडी टोक त्याच्या ओठांवर टेकवलं. "चोख," तो म्हणाला. "लई आवड आहे ना? चोख साल्या." आणि तळहातानं मागून ठोसा मारून तो आत घातला. दात तुटण्याचा आवाज साच्यात धोटा अडकतो तेव्हा होतो तसा झाला, कडाड करून, मग सगळं थांबलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा गुणाजीच ओरडला, "बस कर, मरंल." रक्त धोट्याच्या पोटातून, जिथं कांडी बसते तिथून, हरेश्वरच्या मनगटावर उतरलं. ते गरम होतं. आणि त्याला बरं वाटलं, हे तो कधीच कुणाजवळ बोलला नाही. महिन्याभराची बद्धकोष्ठता मोकळी व्हावी तसं बरं वाटलं. रामदासनं पोलिसांना जबाब दिला की अंधारात कोण होते ते दिसलं नाही. लख्ख उजेड होता. हरेश्वर चाळीत हसून म्हणाला, "पाचावर धारण बसली त्याची." सगळे हसले. संप विरला, गिरणीनं हरेश्वरला परत घेतलं नाही आणि रामदासलाही घेतलं नाही. मार खाल्ला तो ज्यासाठी, ती नोकरीही गेली.

तो घरी पोचला तेव्हा त्याची म्हातारी, पुतळाबाई, दाराशी बसून मिश्री लावत होती. पंचाहत्तरीची बाई, हाडंच राहिली होती, पण काटक. शिवडीच्या कोळीवाड्यातली. हरेश्वर पोटात असताना नवरा होडीसकट गेला, प्रेत मिळालंच नाही. त्यानंतर तिनं मासळीला हात लावला नाही, विकायला नाही आणि खायलाही नाही. कोण जाणे कुठल्या माशानं काय खाल्लंय, असं ती म्हणायची आणि मोठमोठ्या कोळणी तिच्यापुढं गप्प व्हायच्या. पोर दोन महिन्यांचं होतं तेव्हा ती लालबागला येऊन गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात लागली. हरेश्वर तांब्याभर पाणी प्यायला, आणखी एक प्यायला, आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. विचारायचं कसं? त्यानं डॉक्टरणीसारखंच विचारलं.

"आये, मी अंगावर किती दिस प्यायलो?"

म्हातारीनं बोट तोंडातच ठेवून त्याच्याकडं बघितलं. मग हसली, काळ्या हिरड्यांनी. "तीन वर्सं. सोडत नव्हतास. मिरची लावली तरी सोडला नाय. का रं?"

"डागदर विचारतात. आनी कुनाला पाजलंस का?"

त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती बोट धुवायला उठली, परत आली, पदराला तोंड पुसून बसली, आणि जणू काल दुपारचं सांगतेय असं सांगायला लागली. गिरणीला पाळणाघर होतं. बायकांना पाळीत दोनदा सुटी, पोराला पाजून यायला. आयाबाई सगळ्या पोरांना अफूची बाळगोळी द्यायची, पोरं मेल्यासारखी ओळीनं झोपलेली. "तू उठायचा नायस. आनी माज्या छातीचं दगड झालेलं, लुगडं भिजायचं. पल्याड जाईबाईचं पोर रडत व्हतं. झाडू खात्यातली जाईबाई. तिला ताप आलेला, दूध आटलेलं. आया त्या पोराला हात लावायची नाय. त्येंना तवा कोन हात लावायचं? पोर रडून रडून निळं पडलेलं. मी घेतलं. लावलं छातीला." तिनं पदर सारखा केला. "लई वडायचं ते. तुज्यापेक्षा जास्त. मंग रोजचं झालं. दोन वर्सं. कुनाला सांगितलं नाय. सासूला कळतं तर तिनं मना जाळलीच असती."

"कुठलं पोर?" हरेश्वरनं विचारलं, पण त्याला ते कळून चुकलं होतं.

"रामदास. तुज्या साच्यावरच व्हता की मागनं. येतो अजून. तू मार्केटात असलास का येतो, मिश्री आनतो मना. जाईबाई मरताना त्येला सांगून गेली, म्हनली पुतळाईचं दूध हाय तुज्या अंगात, इसरू नको." म्हातारीनं हात पुढं करून हवेतच एक डोकं कुरवाळलं. "संपात त्येचं दात गेलं. मशीनवरनं पडलो म्हनाला. हितंच बसलेला, तुज्या जागेवर. तोंड सुजून भोपळा. मी पेज करून घातली चमच्यानं. मना रडू आलं रं. ह्याच तोंडानं चावायचा मना." मग तिनं सहज सांगितलं, "पोर बाळंतपनाला आलीय त्येची. दिस भरत आलेत म्हनला मागल्या येळी."

हरेश्वर उठला आणि मोरीत गेला. त्यानं नळ सोडला आणि भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, मग परत, मग परत, नळाच्या आवाजात आवाज जाईल एवढ्या बेतानं. म्हातारीचं रक्त तपासायला हवं, डॉक्टरीण म्हणाली होती. तपासून तिला काय सांगायचं? की आये, तुझ्या दुधात होतं? तिनं आयुष्यभरात एकच गोष्ट कुणाला न विचारता स्वतःच्या मनानं केली होती, आणि ती गोष्ट सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता ते त्यानं पाहिलं होतं. ते तो तिच्याकडून काढून घेणार नव्हता, मेला तरी. आणि धोटा? धोट्यातून काही आलं नव्हतं. रामदासच्या तोंडातून त्याच्या तोंडात एक चुन्याची चव तेवढी आली होती. जे काही वाईट गेलं असेल ते ह्या घरातून त्या घरात गेलं होतं, पाळण्यातच, आणि तो मात्र तीस वर्षांनी आपले धोटे पुसत बसला होता. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं ते धुतलं. पाण्यात मिसळून ते नळाखालच्या जाळीतून गेलं आणि तो बराच वेळ त्या जाळीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिवाजी पार्कला उतरला. रामदास तिथल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन होता, हे सगळ्या लालबागला ठाऊक होतं आणि हरेश्वरनं दहा वर्षं तो रस्ता टाळला होता. वाटेत त्याचं डोकं दोनदा फिरलं. एकदा वाटलं आपण पाळीवर निघालोय. एकदा वाटलं आपण त्याला परत मारायला निघालोय, आणि हात कमरेला गेला. तिथं हॉस्पिटलच्या कागदाची घडी होती.

लिफ्ट जुनी, लोखंडी जाळीच्या दाराची. रामदास खाकी कपड्यात स्टुलावर बसला होता. केस पांढरे झाले होते. हरेश्वर आत शिरला तेव्हा त्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कितवा?" आणि मग मान वर केली. मागून एक पेन्शनीतले आजोबा कुत्रं घेऊन आत आले, "रामदास, तिसरा," म्हणाले. रामदासनं दार ओढलं. तीन मजले कुत्रं हरेश्वरचे पाय हुंगत राहिलं, चट्ट्यांवरून नाक फिरवत. आजोबा उतरले. रामदासनं खालचं बटण दाबलं.

"बोल," तो म्हणाला. बोलताना त्याच्या कवळीचा आवाज झाला, टक करून.

हरेश्वरनं रस्त्यात वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. त्यानं भलतीकडूनच सुरुवात केली. "तुला माहीत होतं. त्या दिवशी. दूधभाऊ आहे ते."

"होतं."

"म्हणून हात नाही उचललास?"

रामदासनं जाळीतून खाली सरकणाऱ्या भिंतीकडं बघितलं. "मी म्हटलं, मारतोय त्याला ठाऊक नाही. आपल्याला आहे. मग आपणच कसा मारायचा? आता अक्कल नव्हती म्हण." त्यानं जिभेनं कवळी सारखी केली. "तेवढ्यासाठी आलास? माफी मागायला? ते नको करूस. मला संडासला जायलाही वेळ नसतो इथं."

"माफी नाही मागत," हरेश्वर म्हणाला. आणि मग त्यानं सांगितलं. घडी उघडून सांगितलं, जसं डॉक्टरणीनं सांगितलं तसं, क्रमानं, काही न गाळता. म्हातारीच्या दुधात ते असणार. त्याच्यात उठलंय. रामदासच्यात असेल किंवा नसेल, दूध प्यायलेल्या पाचातल्या चारांच्यात जात नाही म्हणतात, आणि गेलं तरी बहुतेकांना काही होत नाही. पण त्याच्यातून बायकोकडे गेलं असेल, बायकोच्या दुधातून पोरीकडे. म्हणून पोरीचं रक्त आधी बघायचं, आजच, आणि कळेपर्यंत तिनं बाळाला अंगावर पाजायचं नाही. एवढंच. बाळाला वाचवता येतं. लिफ्ट तळाला येऊन थांबली होती. वरून कुणीतरी घंटा वाजवत होतं. रामदास हलला नाही.

"आठ दिवस झाले," तो म्हणाला. "मुलगा. तिला पान्हाच फुटत नव्हता. तीन दिवस बायको मेथीची पेज घालतेय, शेक देतेय. कालपासून फुटला. आज सकाळी मी निघालो तेव्हा पीत होता." घंटा परत वाजली. त्यानं दार ओढलं आणि वरचं बटण दाबलं, लिफ्ट निघाली. "मी बघत उभा राहिलो पाच मिनिटं. उशीर झाला मला."

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध रामदासनं जाळीचं दार खेचलं. लिफ्ट हिसका देऊन थांबली. पुढं नुसती विटांची भिंत होती. तो वळला आणि त्यानं हरेश्वरच्या तोंडावर ठोसा मारला. चौदा वर्षं राखून ठेवलेला ठोसा होता तो, सगळ्या अंगाचा. हरेश्वरचं डोकं मागच्या आरशावर आदळलं, आरसा तडकला. दुसरा पोटात बसला, तिसरा पुन्हा तोंडावर. हरेश्वरनं हात उचलले नाहीत. हात दोन्ही बाजूंना सोडून उभं राहणं किती अवघड असतं ते त्याला तेव्हा समजलं. दात हलला, ओठ फाटला, तोंड रक्तानं भरलं. त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. एक थेंबही बाहेर उडता कामा नये. रक्त तो गिळत राहिला, घोट घोट, डोळ्यांतून पाणी येत असताना. रामदास धापा टाकत होता. "आज उचलला," तो म्हणाला. "आज उचलला हात. पोराच्या तोंडातनं ओढून काढू मी? मी सांगू तिला?" त्याचा आवाज फुटला आणि कवळी सुटून खाली पडली, तेव्हा त्याचं तोंड एकदम म्हाताऱ्याचं झालं, किंवा तान्ह्याचं.

वर घंटा वाजत होती. कुणीतरी ओरडलं, "रामदास, काय झालं रे लिफ्टला?" रामदासनं आपली मूठ उलटी करून बघितली. हरेश्वरचा दात लागून मधलं पेर सोललं होतं, त्यावर रक्त होतं, त्याचं की हरेश्वरचं ते कळत नव्हतं. आणि बोट कापलं की कुणीही करतं तसं, न कळत, त्यानं ते पेर तोंडाकडं नेलं.

हरेश्वरनं त्याचं मनगट पकडलं. हल्ली धड गोणीही उचलवत नव्हती त्या हातानं, पण पकडलं ते सुटेना. रामदासनं हिसडा दिला. हरेश्वर दोन्ही हातांनी लोंबकळला.

"चोखू नको," तो मिटल्या ओठांतून म्हणाला. "चोखू नको, रामदास. खाली नळ आहे ना? साबणानं धू."

रामदास त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मोकळ्या हातानं दार ओढून घेतलं आणि खालचं बटण दाबलं. लिफ्ट खाली निघाली. हरेश्वरनं ते मनगट तळमजल्यापर्यंत सोडलं नाही, आणि नळापाशी गेल्यावर, रामदास एका हातानं साबण लावेपर्यंत, त्यानंच नळ धरून ठेवला.